चिकाचा डबा

आमचा फ्रीज पातेल्याने निवडला. शिक्षक खोलीत मी हे एकदा सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या, पण घडलं ते तसंच.

नवरा फौजेत. पाच वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला होता, तेव्हा आम्ही तिघं फ्रीज घ्यायला सांगलीला निघालो. तिसऱ्या म्हणजे आत्या, माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणायची रीत आहे. गावाहून तासगाव आणि तासगावहून सांगली, एवढा सगळा प्रवास आत्या मांडीवर एक भली मोठी पिशवी घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, कुणा पाहुण्यांकडे काही द्यायचं असेल. दुकानात गेल्यावर त्यांनी पिशवीतून घरचं दुधाचं पातेलं काढलं, झाकणासकट. विक्रेता लिटरबद्दल आणि वीजबचतीच्या ताऱ्यांबद्दल बोलत होता. आत्या एकेका फ्रीजचं दार उघडून त्यात पातेलं ठेवून बघत होत्या.

माझा जीव एका चंदेरी, दोन दारांच्या फ्रीजवर जडला होता. त्यात बर्फ साचत नाही, भाज्यांचा कप्पा मोठा, वरचा खण वेगळा. पण त्यात पातेल्याचं झाकण वरच्या फळीला टेकायचं. फळी सरकवता येते, असं विक्रेत्याने दाखवलं, तर वरची जागा गेली. असं करत करत आम्ही दुकानाच्या शेवटच्या कोपऱ्यात पोचलो. तिथे एका दाराचा, लाल रंगाचा, अंगावर पांढरी फुलं असलेला एक फ्रीज उभा होता. त्यात पातेलं असं बसलं की मापच घेऊन केला असावा. नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि पावती करायला गेला.

तासगावपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. माझं माहेर औंधाकडचं, तिकडची माणसं मुळातच तापट, असं नवरा म्हणतो. मी म्हणते औंधाचा दोष नाही, माझा एकटीचा आहे. त्यात मी शाळामास्तरीण, त्यामुळे रागाला नियमांची जोड. फ्रीज घरात आला त्या दिवशी मी त्याच्याबरोबरचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि कार्डशीटवर ठळक अक्षरात नियम लिहून दारावर चिकटवले. गरम भांडं आत ठेवू नये. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावं. दाराचं रबर महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसावं. बोटभर बर्फ साचला की बटण दाबून तो वितळवावा, सुरीने किंवा खुरप्याने उकरू नये. फ्रीजच्या मागे, वर, बाजूला काहीही ठेवू नये. या शेवटच्या नियमाखाली मी लाल रेघ मारली होती.

आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी तो कागद उभ्याने सगळा वाचला आणि म्हणाल्या, शाळा घरी बी आणलीस व्हय. पण नियम पाळले. सकाळचं दूध तापलं की परातीत पाणी घेऊन त्यात पातेलं गार करत बसायच्या, मगच आत ठेवायच्या. दसऱ्याला ट्रॅक्टर, पाण्याची मोटर आणि फवारणीचा पंप यांची पूजा झाली की फ्रीजलाही हळदीकुंकवाचं बोट लावायच्या, नेमकं माझ्या पहिल्या नियमावर. ते डाग अजून आहेत.

यंदा माघात आमची म्हैस व्याली. व्यालेल्या म्हशीचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं दाट पिवळसर दूध म्हणजे चीक, आणि त्याचा खरवस म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव की प्राण. पण फौजेत गेल्यापासून म्हैस व्याली आणि तो घरी आहे असं एकदाही जमलं नाही. तो सुट्टीवर यायचा तेव्हा म्हैस आटलेली असायची किंवा रेडकू चांगलं उड्या मारत असायचं. दर खेपेला आत्या हळहळायच्या. चीक विकत नाहीत, वाटतात. गल्लीतल्या घरोघरी तांब्या-तांब्या जातो, आणि ते भांडं रिकामं परत करायचं नसतं, त्यात गुळाचा खडा टाकून देतात. अशा गुळाच्या खड्यांची आत्यांकडे एक बरणी भरली होती आणि ज्याच्यासाठी सगळं करावं तो मात्र दूर कुठेतरी बर्फात उभा.

या वेळी आत्यांनी चिकाचा एक उभा स्टीलचा डबा भरला, झाकणावरून फडकं बांधलं आणि फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या खणात ठेवून दिला.

"वैशाखात येतोय न्हवं त्यो?" त्या मला म्हणाल्या. "तवर ऱ्हातोय का चीक, बगू तुजा फ्रीज."

त्या दिवसापासून तो 'तुजा फ्रीज' झाला. मी पुस्तकात शोधलं. मासे, मटण, वाटाणे, सगळ्यांचं होतं, चिकाचं अक्षरही नव्हतं. राहील बहुतेक, असं मी सांगून टाकलं. पण एकदा ते सांगितलं आणि अडकले. बर्फाचा खण आता बाकी सगळ्याला बंद झाला. मला कुल्फी आवडते. तासगावहून आणलेली एक कुल्फीसुद्धा तिथे ठेवायची सोय राहिली नाही. बर्फ वितळवायचं बटण तीन महिने दाबता आलं नाही, कारण बर्फ वितळला तर चीक वितळणार. चारही बाजूंनी बर्फ वाढत गेला आणि डबा मधोमध रुतून बसला. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. नवरा माझाही होता, पण फ्रीजमध्ये त्याच्या नावाने जागा त्याच्या आईने धरली होती.

वैशाख आला. शाळेला सुट्टी लागली होती. बुधवारी तो येणार, आणि सोमवारी सकाळी मी पाण्याची बाटली काढली तर ती कोमट. आतला दिवा लागत होता. खण उघडला, तर बर्फाला घाम फुटला होता आणि डब्याभोवतीचं फडकं भिजलं होतं. आत्या माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी पदराने डबा पुसला.

मी पुस्तक काढलं. स्टॅबिलायझरचा आकडा बघितला, व्होल्टेज बरोबर होतं. आतलं बटण कमी-जास्त करून पाहिलं. दारात वहीचा कागद धरून दार लावलं आणि ओढून बघितला, रबर सैल असेल तर कागद सहज निघतो, पण तो घट्ट बसला होता. फ्रीजला कान लावला. खालून टक् असा आवाज यायचा, क्षणभर घरघर व्हायची, पुन्हा टक्, आणि शांत. दर काही मिनिटांनी तेच. नवऱ्याला फोन लावला. त्याने तिथून उंटावरून शेळ्या हाकल्या. प्लग दुसऱ्या ठिकाणी लाव, थोडा वेळ बंद ठेव, गॅस गेला असेल. चिकाबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही. आत्यांची तशी ताकीद होती, त्याला खरवस एकदम ताटातच दिसायला हवा होता.

मग माझा पारा चढला. मी आत्यांना म्हटलं, तुमच्या त्या पातेल्यानंच झालं हे सगळं. गरम ठेवलं असणार कधीतरी. मी म्हणतच होते दोन दारांचा घेऊया. एवढ्यावर थांबले असते तरी बरं. चीक कुणी तीन-तीन महिने ठेवतं का, हा काय हट्ट, असंही बोलून गेले. आत्या खाली मान घालून ऐकत होत्या. एरवी एका वाक्याला दोन परत करणारी बाई गप्प बसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, चूक पटली.

शेजारी दोन दारांचा मोठा फ्रीज आहे. डबा तिथे ठेवू, असं मी सुचवलं. आत्या नाही म्हणाल्या. दिलेला चीक चालतो, ठेवायला दिलेला चालत नाही, अशी त्यांची समजूत. ठेवायला दिला की म्हैस आटते. मेकॅनिक तासगावहून यायचा होता आणि तो उद्या सकाळी येतो म्हणाला. तोपर्यंत काय करायचं, तर आत्यांनी डबा बर्फासकट बाहेर काढला, पोत्यात गुंडाळला आणि त्यावर त्यांचं काळं घोंगडं घट्ट लपेटलं. जतकडच्या मेंढपाळांकडून घेतलेलं, जाड, अंगाला टोचणारं घोंगडं. मी म्हटलं, आत्या, थंडी वाजतीय का त्याला? पण नंतर मला विज्ञानाचा धडा आठवला. लोकर बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही, हे मी दर वर्षी सहावीच्या वर्गाला शिकवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक आला. पन्नाशीचा माणूस, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या. मी त्याला व्होल्टेज, रबर, टक् आवाज, सगळं सविस्तर सांगितलं आणि गॅस गेला असावा असं निदानही करून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, फ्रीजच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाला, म्याडम, आधी ह्याला पुढं तरी ओढू या. आम्ही दोघांनी मिळून फ्रीज पुढे ओढला.

मागच्या काळ्या जाळीवर चार पुरचुंड्या बांधलेल्या होत्या. जुन्या लुगड्याच्या फडक्यांच्या, ओळीने, वेलीला घड लागावेत तशा. त्यांच्या मागे कागद कोंबलेला, खाली पडू नयेत म्हणून. मेकॅनिकने एक पुरचुंडी सोडली. आत बेदाणे होते. काही विरघळून चिकट झाले होते, त्यांचा पाक जाळीवर उतरला होता आणि त्या पाकावर तीन महिन्यांची धूळ बसली होती.

"तासगावात पंचवीस वर्सं फ्रीज उगडतोय," तो म्हणाला. "जाळीवर बेदाणं पयल्यांदाच बगतोय."

त्याने समजावून सांगितलं ते मला पुस्तकातूनही माहीत होतं. फ्रीज आतली उष्णता काढून त्या मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. जाळीला वारा लागला नाही तर खालचा कॉम्प्रेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपोआप बंद पडतो. तेच ते टक्. वर तीन महिन्यांचा बर्फ, मागे बेदाणे वाळवायचं शेड, बिचारा करणार काय? गॅस जागेवर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. मी पुस्तक धुंडाळलं, नवऱ्याला फोन केला, सासूला बोलले, फक्त फ्रीजच्या मागे डोकावले नाही.

मेकॅनिक पाण्याने आणि ब्रशने जाळी धुवायला लागला. मी आत्यांकडे वळले. त्या दारात उभ्या होत्या.

आमच्या बागेतली द्राक्षं शेडवर वाळवून बेदाणा करतात, आणि यंदा नेमका त्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता. शेडवरचा माल कसाबसा निघाला, पण घरात ठेवायचा चांगला हिरवा बेदाणा ओलसर राहिला होता. रोज ढग, गच्चीवर वाळत घालायची सोय नाही. तो बेदाणा कशासाठी असतो ते मलाही माहीत होतं. नवरा परत जाताना सोबत नेतो, त्याच्या बरोबरच्या जवानांना. आपल्या शेतातला म्हणून सांगतो. फ्रीजच्या मागे ऊब असते, हे आत्यांना झाडताना हाताला लागलं होतं. जिथे ऊब आणि वारा असेल तिथे बेदाणा वाळतो, हे आमच्याकडच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

"मग मला सांगायचं तरी, आत्या," मी म्हटलं.

"तू वरडशील म्हणून न्हाई सांगितलं," आत्या म्हणाल्या. "लाल रेघ मारलीस न्हवं तू."

मला आजवर बरंच काही बोललं गेलंय. अधिकाऱ्यांनी, पालकांनी, खुद्द माझ्या आईने. पण एवढं लागलेलं आठवत नाही. साठी उलटलेली बाई स्वतःच्या घरात मी ओरडेन म्हणून फ्रीजच्या मागे चोरून पुरचुंड्या बांधत होती. आणि पुढच्या बाजूला त्याच्यासाठी चीक गोठवत होती, मागच्या बाजूला त्याच्यासाठीच बेदाणे वाळवत होती. तिच्याच एका मायेने दुसरीचा घात केला होता आणि बोलणी मात्र पातेल्याने खाल्ली. मला रडू आलं. मेकॅनिकसमोर नको म्हणून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तासाभरात त्याने एक छोटा सुटा भाग बदलला, कॉम्प्रेसर निवू दिला आणि फ्रीज सुरू केला. टक् झालं आणि घरघर चालूच राहिली. अवजारं आवरताना त्याने सांगितलं, महिन्यातून एकदा मागं झाडू मारा, दुसरं काय करू नका. मग आत्यांनी घोंगडं सोडलं. डब्यातला चीक कडेने विरघळला होता, पण मध्ये मुठीएवढा बर्फाचा गोळा अजून तग धरून होता. मेकॅनिकने झाकण उघडून वास घेतला. चीक चांगला हाय, म्हणाला, पण एकदा इरगळायला लागला की परत गोठवू नये, आजच शिजवा. आत्यांना ते पटलं. आज केलेला खरवस उद्या दुपारपर्यंत फ्रीजमध्ये सहज टिकणार होता. त्यांनी गूळ काढला, त्या बरणीतला, घरोघरचा. चिकात दूध घातलं, गूळ विरघळवला, वेलदोडा कुटून घातला आणि डबा वाफेवर ठेवला. घरभर वास सुटला. मी जमीन पुसत होते आणि मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत होते.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. त्याच्याबरोबरच्या एका जवानाच्या घरी काही अडचण निघाली होती, त्याला आधी सोडलं. याची सुट्टी पंधरा दिवस पुढे गेली. मी फोन आत्यांना दिला. त्या म्हणाल्या, असू दे, त्याचं आधी बगाया पायजे, तू नीट ऱ्हा. चिकाचं त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. फोन ठेवला आणि शेगडीजवळ जाऊन झाकण उघडून बघितलं. खरवस सुरेख धरला होता. झाकण हातात घेऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या. वाफेने त्यांचा चेहरा ओला झाला होता, त्यातलं वाफेचं किती आणि डोळ्यातलं किती, मी विचारलं नाही.

पंधरा दिवस खरवस टिकत नाही. हे सांगायला पुस्तक लागत नाही.

निवल्यावर आत्यांनी वड्या पाडल्या. मला वाटलं, आता त्या गल्लीत वाटायला पाठवतील. त्यांनी मधली सगळ्यात मोठी वडी बशीत घातली आणि माझ्यापुढे ठेवली.

"खा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी देवाला तरी ठेवा. त्या म्हणाल्या, ठेवते, तू खा. मग माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"म्हस याली तवा तू बी साळंतच हुतीस. कुणी तुला इचारलं न्हाई, चीक खाल्लास का म्हणून. म्या बी न्हाई."

जुळवून ठेवलेलं माफीचं वाक्य होतं, ते विसरले. आत्या, मी उगाच बोलले तुम्हाला, एवढंच म्हणता आलं. त्या म्हणाल्या, बोललीस तर बोललीस, खा आता. मी खाल्ली. तीन महिने जिच्यावर मी मनातल्या मनात जळत होते, ती ही वस्तू. इतका मऊ खरवस मी माहेरीही खाल्लेला नाही. दुसरी वडी आम्ही दोघींनी अर्धी-अर्धी केली. मग उरलेला खरवस शेजारी गेला, समोर गेला, एक डबा मेकॅनिकला तासगावला गेला. सगळी भांडी गुळाचा खडा घेऊन परत आली, मेकॅनिकचा डबासुद्धा.

बेदाणे आत्यांनी धुतले. ऊन पडलं तेव्हा गच्चीवर पसरले, आणि मी कावळे हाकत शेजारी बसले. निम्मे टाकावे लागले, निम्मे छान वाळले.

पंधरा दिवसांनी नवरा आला. आल्या आल्या पाणी प्यायला फ्रीज उघडला, आणि सवयीने वरचा खणही उघडला. तिथे तो स्टीलचा डबा होता. धुतलेला, रिकामा, तळाशी गुळाचा एक खडा. हे काय, असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझ्या बोलण्यासकट. आत्या गोठ्यात होत्या. त्याने तो गार खडा तोंडात टाकला आणि चघळत बसला. मग गोठ्याकडे गेला. मीही मागे गेले.

म्हैस आता पुन्हा कधी व्यायची, असं त्याने आईला विचारलं. आत्यांनी बोटांवर महिने मोजले. आठवड्यापूर्वीच तिला रेडा दाखवून फळवली होती, म्हणजे दहा महिने दहा दिवस धरले तर पुढच्या चैत्रात.

"या बारीला चीक राखू नगंस," तो म्हणाला. "मीच येतो."

आत्या हसल्या. रजेच्या अर्जात काय लिहिणार, म्हस व्यातीया म्हणून? असं म्हणाल्या. तो म्हणाला, तसंच लिहितो. जाताना बेदाणे घेऊन गेला.

आता दारावर नियमांच्या शेजारी कॅलेंडर आहे. चैत्राच्या पानावर आत्यांनी खूण केली आहे. नियमांच्या कागदावरची ती लाल रेघ मी खोडली, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी फ्रीज आम्ही दोघी मिळून पुढे ओढतो आणि मागची जाळी झाडतो. बर्फ वेळच्या वेळी वितळवतो. बर्फाच्या खणात माझ्या कुल्फीला भरपूर जागा आहे.

फक्त तो रिकामा डबा तिथून हलत नाही. रिकामं भांडं फ्रीजमध्ये ठेवून उपयोग काय, म्हणून मी एकदा काढून फडताळात ठेवला होता. दुपारी कुल्फी घ्यायला खण उघडला तेव्हा ती जागा बघवेना. फडताळातून डबा काढला, त्यात गुळाचा खडा टाकला आणि पुन्हा होता तिथे ठेवून दिला.